ओलं बोट

माझे बाबा पेट्रोल पंपावर गाड्यांच्या चाकांत हवा भरायचे. भोपाळहून मंडीदीपकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो पंप आहे. कॉलेजात कुणी विचारलं तर मी हे सांगते, पण सांगण्याआधी थोडी थांबते. का थांबते, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

आमचं मूळ गाव बैतूलकडचं. बाबा कामाला होते तो मंडीदीपचा कारखाना बंद पडल्यावर ते पंपावर लागले आणि तिथेच राहिले. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. माझं शिक्षण त्या हवेवर चाललं होतं.

हवा भरून झाली की टोपण लावायच्या आधी बाबा बोट जिभेला लावून व्हॉल्व्हवर टेकवत. हवा सुटत असेल तर तिथं बारीक बुडबुडा येतो. सगळेच हवावाले असं करतात. बुडबुडा नसला की बाबा म्हणत, "जाइए, पक्की है." हे ऐकल्याशिवाय काही जुने लोक गाडी सुरूच करत नसत.

मग मालकानं पंप एका कंपनीला चालवायला दिला. नवं छत आलं, काचेचं दुकान आलं, कॉफीचं काउंटर आलं. हवेचं नवं मशीनही आलं. त्यात आकडा दाबला की तेवढी हवा भरून ते आपलं आपण थांबतं. कंपनीचा मॅनेजर तरुण होता, बोलायला वाईट नव्हता. त्यानं सगळ्यांना सांगितलं की कंपनीचा एक माणूस साधं गिऱ्हाईक बनून येईल, केव्हा येईल ते सांगणार नाही, आणि त्याच्या सांगण्यावरून कोण राहणार ते ठरेल. बाबांना त्यानं बाजूला घेतलं.

"अंकल, हवा तो अब मशीन भर लेती है. आपको रखना है तो मुझे ऊपर कुछ अच्छा दिखाना पड़ेगा. बस, ये थूक वाला काम बंद कर दीजिए."

त्यानं हातमोजे दिले आणि साबणाच्या पाण्याची फवारायची बाटली दिली. व्हॉल्व्ह आता त्या पाण्यानं तपासायचा होता.

त्या संध्याकाळी घरी आम्ही सराव केला. बाबांची सायकल भिंतीला टेकवली, आई गिऱ्हाईक झाली. बाबांनी हातमोजे घालून हात जोडले. "नमस्ते मैडम, आपका स्वागत है."

"लग्न झाल्यापासून कधी मला नमस्ते केलं नाही," आई म्हणाली. "कंपनीचे उपकारच म्हणायचे."

"अगं, तू गिऱ्हाईक आहेस. गिऱ्हाईक इतकं बोलत नाही."

"मग मी नाही गिऱ्हाईक. मला कणीक मळायची आहे."

तरी ती उभी राहिली. बाबांचं बोट दोनदा तोंडाकडे गेलं आणि दोन्ही वेळा मी "बाबा" म्हटलं. तिसऱ्या वेळी त्यांनी बाटली उचलली. मला वाटलं, जमेल.

त्यानंतर कॉलेज सुटलं की मी पंपावर उतरायचे आणि बाबांबरोबर घरी जायचे. बाबा येईल त्याला नमस्ते करत. भाजीच्या टेम्पोवाल्यालाही केलं, तर तो म्हणाला, "चाचा, चुनाव लड़ रहे हो क्या?" पेट्रोल भरणाऱ्या ताई जवळ येऊन कुजबुजत, "काका, वो चश्मे वाला. पक्का वही है." चष्मेवाला आला की बाबांचे खांदे आवळले जात. तो गेला की सैल पडत. इस्त्रीचा शर्ट घातलेला प्रत्येक माणूस आम्हाला तोच वाटे. बाटली मात्र बाबा विसरले नाहीत.

एका दुपारी स्कूटीवर एक बाई आल्या. पुढे उभी असलेली त्यांची लहान मुलगी रडत होती. चाक अगदी बसलं होतं. बाबांनी मुलीला हवेच्या नळीचा फुसफुस आवाज ऐकवला, तशी ती रडायची थांबली आणि आणखी मागू लागली. बाबा हसले. टोपण बारीक होतं, मोज्यात धरता येईना, म्हणून त्यांनी मोजा काढला. हवा भरली, टोपण लावलं, म्हणाले, "जाइए बेटा, पक्की है." बाईंनी मनापासून धन्यवाद दिले. मुलीनं हात हलवला. घरी जाताना बाबा मला म्हणाले, "आज बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं त्यांना काचेच्या दुकानात बोलावलं. मीही मागून गेले. त्यानं मोबाइल पुढे धरला. फोटोत बाबा स्कूटीच्या चाकाशी वाकले होते आणि त्यांचं बोट ओठांत होतं.

त्या वेळी मी तिथंच उभी होते. मी सगळं पाहिलं होतं, आणि ते बोट मला दिसलंच नव्हतं. लहानपणापासून ते तसंच पाहत आल्यामुळे असेल.

"वो स्कूटी वाली मैडम कंपनी की थीं. उन्होंने लिखा है, आप बहुत अच्छे आदमी हैं," मॅनेजर म्हणाला. "पर अंकल, मैंने एक ही चीज़ बोली थी."

"जी," बाबा म्हणाले. हातमोजे आणि बाटली त्यांनी काउंटरवर कॉफीच्या कपांशेजारी ठेवली. मॅनेजरनं ती लगेच उचलून खाली ठेवली.

आता बाबा सकाळी सायकलवर मंडीदीपला जातात आणि कारखान्यांच्या फाटकांपाशी उभे राहतात. ठेकेदार तरुण माणसं निवडून नेतो. दुपारपर्यंत बाबा परत येतात. मी कॉलेजात जाते, वर्गात बसते, लिहून घेते. पुढच्या वर्षी जाईन की नाही, हे घरात कुणी बोलत नाही. बस पंपावरून जाते तेव्हा लोक मशीनपाशी वाकलेले दिसतात. मशीन टुक् वाजतं आणि लोक निघून जातात. बाबांची उणीव कुणाला भासत असेल असं मला वाटायचं. तसं काही दिसत नाही.

परवा संध्याकाळी बाबा दारात सायकलच्या चाकात हातपंपानं हवा भरत होते. हवा भरून झाली. त्यांनी बोट तोंडाकडे नेलं आणि मध्येच थांबवलं. गल्लीत कुणीच नव्हतं. तरी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"जरा पाणी आण गं," ते म्हणाले.

मी वाटीत पाणी आणलं. त्यांनी त्यात बोट बुडवलं.