फ्रिजवरचं पत्रक

मे महिन्यात लोक गावाला जातात आणि आम्ही शिक्षिका मुलं शोधायला दारोदार फिरतो. पाचवीचा पट भरला नाही तर तुकडी बंद होते, आणि तुकडीबरोबर आमच्यातली एक जण दुसऱ्या शाळेत जाते. दहावीचा निकाल दरवर्षी चांगला लागतो. शिक्षण खात्याच्या साहेबांना निकाल दाखवला की ते पट विचारतात. पूर्वी मी चिडायचे. आता काही वाटत नाही.

सोनिवलीच्या एका नव्या टॉवरखाली वॉचमन म्हणाला, "मॅडम, सेल्सवाले अलाउड नहीं." मी आमच्या मराठी शाळेचं पत्रक दाखवलं. त्यावर आमच्या नाव कमावलेल्या माजी विद्यार्थ्यांचे फोटो आहेत. ते न बघताच त्याने मला लिफ्टकडे जाऊ दिलं.

पहिलंच दार उघडलं ते त्या फोटोंतल्या एकीने. कात्रपच्या चाळीतली, दहावीला शाळेत पहिली आलेली, आता इंजिनीअर. "अय्या, बाई!" म्हणत ती पाया पडली. तिने चहा टाकला. पत्रकावर स्वतःचा फोटो बघून तिला इतका आनंद झाला की तिने ते लगेच फ्रिजला चिकटवलं.

मी तिच्या मुलीची चौकशी केली. यंदा पाचवीत जाणार होती, इंग्लिश मीडियमला.

"तुम्ही आम्हाला इतकं छान शिकवलंत ना, बाई," ती अगदी मनापासून म्हणाली, "म्हणून तर आज ती शाळा परवडते."

मी चहा संपवला, पिशवीतून दुसरं पत्रक काढलं आणि समोरच्या दाराची बेल दाबली. त्या पत्रकावरही तिचा फोटो होता.