जिजाबाईचं विसण

"थांब बाई, पान्याचं ठरू दे," असं सुईण जिजाबाई म्हणायची. वाशीमच्या मळ्यांकडं कुणाच्याही घरी बाळ जन्मलं, की न्हाऊ घालायला तीच. कढत पाण्यात गार पाण्याचं विसण ओतायची, ढवळायची आणि गप्प बसायची. कढत पाणी आपली ऊब सोडणार, गार पाणी ती घेणार. दोघांचं एक झाल्याशिवाय तिचा कोपर पाण्यात जात नसे. घाई करणाऱ्या सासवांना ती सरळ न्हाणीबाहेर काढायची.

सीताबाईला हे सगळं अजून आठवतं. छत्तीस सालचा वैशाख तर फारच. तिचा थोरला, चंपत, तेव्हा बारा दिवसांचा होता आणि तिला असा ताप भरला होता, की खाटेचा सुंभसुद्धा तापायचा. डॉक्टरांनी कपाळावर बर्फाच्या पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या. दुपारच्या गाडीनं अकोल्याहून बर्फ आला. तिच्या नवऱ्यानं, रंगरावनं, तो भुशात घालून धावतच घरी आणला. पुन्हा बर्फ मिळणार तो थेट दुसऱ्या दिवशीच्या गाडीला.

जिजाबाईनं जन्मात बर्फ पाहिला नव्हता. तिनं एक गोटा घंगाळात सोडला, वाट पाहिली, मग कोपर बुडवला. गोटा अजून तरंगतच होता, तेवढ्यात रंगरावनं दुसरा टाकला. ती पुन्हा थांबली, पुन्हा कोपर बुडवला. आणि दुसरा गोटा उचलून तिनं परत भुशात ठेवला.

"मावशी, बाई जळून राह्यली अन् तू बर्फ वाचवून राह्यली?" रंगराव ओरडला. "बर्फाचीबी सुईण झाली का तू?"

"हात घालून पाह्य, रंग्या. पह्यल्या गोट्यानं जेवढं गार झालं, त्याच्याहून कणभर जास्त झालं का दुसऱ्यानं? गोटा तरंगते तोवर हे पानी इतलंच गार राह्यते. सारा ओतला तरी आयकत नाही ते."

"अन् विरघळला मंग?"

"मंग दुसरा टाकू. आज सारा संपवला, तर राती काय गाडीले हाका मारतं?"

रंगरावनं हात घातला, बराच वेळ ठेवला आणि घडी पिळून दिली.

दिवस मावळताना ताप पुन्हा चढला. भुशातला बर्फ एकेक गोट्यानं पहाटेपर्यंत पुरला. शेवटची घडी निघाली तेव्हा सीताबाईला दरदरून घाम आला आणि तिनं पेज मागितली.

सकाळी जिजाबाईनं चंपतला न्हाऊ घातलं, तीट लावली. "जातो वं माय," ती म्हणाली. "धुरपताबाईच्या सुनेचे दिस भरले." डोक्यावर पदर घेऊन ती वांग्याच्या सरींमधून पाटाच्या कडेनं निघाली. तिकडं विहिरीवर रंगरावनं मोटेचे बैल उभे केले आणि तो पाहत राहिला. ओसरीतल्या खाटेवर सीताबाई कोपरावर उठली. जिजाबाईनं मागं वळून पाहिलं नाही. तिचं हिरवं लुगडं वांग्यांच्या हिरव्यात मिसळेस्तोवर सीताबाई बघत होती.