खातो तर खातो म्हणायचं

सानिका फोन घेऊन गॅलरीत जायची नाही. तिच्या वयाच्या मुली फोन वाजला की दाराआड, बाथरूममध्ये, जिन्यात कुठे कुठे जाऊन कुजबुजतात. ही आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर मांडी घालून, समोर माझे आईबाबा बसलेले असताना, हर्षदशी खणखणीत आवाजात बोलायची. "जेवलास? काय होतं? बोंबील? मज्जा आहे बाबा तुझी." आईचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा.

ती माझी चुलत बहीण, दहिसरच्या चाळीत वाढलेली. दहावीला चांगले मार्क पडले, मुलुंडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, म्हणून बाबांनी धाकट्या भावाच्या या लेकीला आमच्याकडे ठेवून घेतलं. बाबांचा फर्निचरचा धंदा जोरात होता आणि आम्ही टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावर राहत होतो. आजोबा गिरणी कामगार होते, हे आम्ही आता फारसं बोलत नसू. मूळचे आम्ही चिपळूणकडचे, मासळीशिवाय घास न उतरणारे. पण टॉवर पडला शाकाहारी, त्यामुळे घरात मासे बंद. अधूनमधून गाडी काढून लांबच्या हॉटेलात सुरमई खाऊन यायचो, आणि लिफ्टमध्ये शिरण्याआधी आई प्रत्येकाच्या हातावर बडीशेप ठेवायची.

सानिका पहिल्या दिवशी आली तीच सुकटीचा डबा घेऊन. लिफ्टमध्ये वास सुटला. शेजारच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला, तशी आई घाईघाईने म्हणाली, "आयुर्वेदिक औषध आहे हो, हिच्या आईने दिलंय."

"सुकट आहे ती, काकी," सानिका म्हणाली.

वर आल्यावर आईने तिला चांगलंच फैलावर घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खातो तर खातो म्हणायचं ना. चोरी केलीय काय आपण?" हे वाक्य पुढे आम्ही उठता-बसता ऐकलं.

हर्षद तिच्या वर्गातला. कांजूरच्या खाडीकडे त्याचं घर, वडील होडी घेऊन खाडीत जायचे, आई बाजारात मासळी विकायची. सावळा, लाजरा, आमच्या दारात चपला कुठे काढाव्यात तेही न कळणारा. याच्यात हिने काय पाहिलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "ताई, तो मला इम्प्रेस करायला जात नाही गं. नुसता बाजूला गप्प बसतो, तरी बरं वाटतं." मला हेवा वाटला. माझ्यासाठी तेव्हा स्थळं बघणं चालू होतं आणि प्रत्येक स्थळ मला इम्प्रेस करायला बघत होतं.

ती बारावीत गेली. गौरी-गणपतीच्या आठवड्यात आईने तिला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं, "कोळ्याच्या मुलाशी तुझं काही चाललंय हे सोसायटीत कळता कामा नये. कुणी विचारलं तर कॉलेजातला मित्र आहे म्हण. तेवढं जमणार असेल तर खुशाल राहा. नसेल तर दहिसर आहेच." दहिसर म्हणजे एका खोलीत चार माणसं आणि कॉलेजसाठी रोजची लांबलचक खेप. स्वतःची खोली, स्वतःचं टेबल तिला पहिल्यांदा आमच्याकडेच मिळालं होतं आणि त्या खोलीवर तिचा फार जीव होता. ती उठून आपल्या खोलीत गेली. आईला वाटलं, पटलं.

आमच्या गावी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मटण, खेकडे म्हणजे आमच्या चिंबोऱ्या, जे मिळेल ते. गणपतीला ते चालत नाही, म्हणून तेवढ्यापुरता त्याच्यापुढे पडदा धरतात. टॉवरमध्ये आल्यापासून मात्र आमच्या गौरीला पुरणपोळीवर भागवावं लागत होतं. त्या दिवशी हॉल शेजाऱ्यांनी भरला होता आणि दारात हर्षद उभा राहिला, हातात स्टीलचा डबा घेऊन.

"सानिकाच्या वर्गातला मुलगा," आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नोट्स द्यायला आलाय."

सानिका उठली. तिने ओढणी सारखी केली. आवाज नेहमीचाच. "काकी, हा हर्षद. माझा बॉयफ्रेंड. आणि डब्यात चिंबोऱ्या आहेत. त्याच्या आईने आपल्या गौरीसाठी पाठवल्यात. त्यांच्याकडेपण असतो हा नैवेद्य."

शेजारच्या बाई प्रसाद न घेताच उठल्या, मागोमाग बाकीचे. हॉल रिकामा झाला. सानिकाने ओढणी काढून गणपतीपुढे धरली आणि हर्षदने डबा उघडून गौरीसमोर ठेवला. "बाप्पाला चालत नाही म्हणून त्याच्यापुढे पडदा," ती म्हणाली. "बाकी कुणापुढे कशाला?" बाबांनी हात जोडले.

"बॅग भर," आई म्हणाली.

"सकाळीच भरलीय."

बारावी तिने दहिसरहून केली आणि चांगली पास झाली. हर्षद आणि ती पुढे वेगळे झाले. का, ते तिने मला सांगितलंय, पण ते तिचं आहे. नात्यातल्या एका साखरपुड्यात आईला राहवलं नाही. "बघ, मी म्हटलं नव्हतं, टिकायचं नाही म्हणून?"

"नाही टिकलं," सानिका म्हणाली. "पण आमचं आम्ही संपवलं, काकी. तुम्ही नाही. आणि होतं तेव्हा होतं म्हणून सांगितलं होतं ना मी?" तिचे डोळे भरून आले होते. ते पुसायलाही ती आत गेली नाही.

आता ती शिकायला बंगळुरूला असते. गेल्या रविवारी आम्ही तिघं हॉटेलातून जेवून परतलो. लिफ्टपाशी आईने बडीशेपेची डबी पुढे केली. मी हात पुढे केला नाही. आत शेजारच्या बाई होत्या.

"काय, कुठे फिरून आलात?"

आई मजल्यांचे आकडे बघायला लागली.

"मासे खायला गेलो होतो," मी म्हणाले. "सुरमई."