तिसऱ्या तळ्यातला काळा गाळ

खाण बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी तिच्या पोटातून पाणी यायचं काही थांबलं नव्हतं. तांबूस, आंबट, लोखंडाचा खिळा महिन्याभरात खाऊन टाकणारं पाणी. ते एकामागोमाग तीन तळ्यांतून फिरायचं आणि मग खालच्या ओढ्याला मिळायचं. ते तपासण्याचं काम जिच्याकडे होतं, तिला सगळे लिटमसबाई म्हणत. खाण चालू असताना ती प्रयोगशाळेत बाटल्या धुवायची. शिकलेले लोक एकेक करून निघून गेले, बाटल्या उरल्या आणि ही उरली.

नियमाप्रमाणे सकाळी एकदा पीएच मोजायचा. आकडा जितका कमी, तितकं पाणी आंबट. बाई दुपारी पुन्हा मोजायची, आपल्या समाधानासाठी, आणि स्वतःच्या वहीत लिहायची. पहिल्या तळ्यात आकडा तीन. दुसऱ्यात चुना पडायचा, तिथे साडेचार. शेवाळाने हिरव्यागार झालेल्या तिसऱ्या तळ्यातून पाणी बाहेर पडताना साडेसहा. उन्हाच्या दुपारी तर आणखी थोडा वर.

एकदा आलेल्या एका संशोधक बाईंनी तिला त्याचं कारण सांगितलं होतं. वर खाणीत लोखंडावर जगणारे जिवाणू पाण्याचं आम्ल वाढवतात. खाली तळ्यात उलटं चालतं. शेवाळ उन्हावर वाढतं, कुजून तळाशी बसतं आणि गाळातल्या वेगळ्या जिवाणूंचं पोट भरतं. ते हवेशिवाय जगतात, आम्ल उतरवतात आणि पाण्यातले धातू काळ्या गाळात बांधून ठेवतात. त्यांचा वास मात्र सडक्या अंड्यासारखा.

नेमका तोच वास नडला. ओढ्याकाठच्या गल्लीतून तक्रारअर्ज आला आणि त्यावर पहिली सही बाईच्या नणंदेची होती.

"वहिनी, तुमच्यावर राग नाही," नणंद म्हणाली, "पण खिडकी उघडता येत नाही हो."

तळ्यांच्या देखरेखीसाठी नवे साहेब रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. त्यांना हिरवं पाणी म्हणजे घाण आणि काळा गाळ म्हणजे मागच्या लोकांचा आळस वाटला. बाईने दारात उभं राहून सांगून पाहिलं, की साहेब, तो वास कामाचा आहे. साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मग त्यांनी तिसरं तळं उपसायला यंत्र मागवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी होताना पाहावं तशी ती तीन दिवस यंत्राने उपसलं जाणारं तळं पाहत राहिली. एका कोपऱ्यात जुनी पाइप आडवी आली, तेवढा हातभर गाळ वाचला.

तळं स्वच्छ झालं. वास गेला. नणंदेने खिडकी उघडली.

तीन आठवड्यांत बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडा पावणेपाचावर आला. ओढ्यातले दगड नारिंगी झाले, त्यांवर बोट फिरवलं तर साय निघावी तसा थर हाताला येई. बेडूक दिसेनासे झाले. साहेबांनी चुना दुप्पट केला; आकडा चढला आणि आठवड्यात पुन्हा घसरला. बाईचा नवरा जन्मभर त्याच खाणीत राबलेला. तो म्हणाला, "इतकी वर्षं खाणीने आपल्याला चुना लावला, आता आपण तिला लावतोय. भागायचं नाही."

बाईला हसू आलं नाही. तिला वेगळंच लागून राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने नऊ वह्या पिशवीत घातल्या आणि साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत पानं उलटली.

"हे आधी का नाही दाखवलंत?"

"सांगितलं होतं, साहेब. दाखवलं नाही, ती माझी चूक. बाटल्या धुणारीची वही कोण वाचणार, असं वाटलं."

साहेबांनी शेवटची वही मिटली. मग त्यांनी विचारलं, "आता काय करायचं?"

तिला पक्कं ठाऊक नव्हतं, आणि तिने तसं सांगितलंही. पण विरजण उरलंय तर दही लागेल, एवढं तिला कळत होतं. पाइपखालचा काळा गाळ बादल्यांनी काढून तळभर पसरला. त्यावर पालापाचोळा, भुसा, कुजकं गवत. नवऱ्याने धाप लागेपर्यंत फावडं चालवलं आणि नंतर कट्ट्यावर बसून सल्ले दिले. चौथ्या दिवशी नणंद गल्लीतल्या दोघींना घेऊन आली. प्रत्येकीच्या डोक्यावर वाळल्या पानांचं पोतं होतं. अर्जाचा विषय कुणी काढला नाही.

दोन महिने काहीच घडलं नाही. साहेब रोज आकडा विचारत आणि बाई रोज तोच आकडा सांगे. तिची झोप उडाली होती. आपल्या शब्दावर इतकी माणसं राबली, याचंच तिला ओझं झालं होतं. तिसऱ्या महिन्यात काठाला हिरवट तवंग धरला. मग एका सकाळी तळ्याशी वाकताच तिच्या नाकात तो वास शिरला. ती तिथेच उकिडवी बसून राहिली.

आकडा सव्वासहापर्यंत चढायला वर्ष लागलं. साडेसहा पुन्हा कधी झाला नाही. साहेबांनी दुपारचं मोजमाप नियमात घातलं आणि वर्षाच्या अहवालात तिच्या वह्यांचा उल्लेख केला, नावासकट. तिने तो अहवाल नवऱ्याला दोनदा वाचायला लावला.

नणंदेने खिडकी बंद करून घेतली. भेटली की आधी विचारते, "वहिनी, आज किती?"