धुक्यावरचं कुंकू
तेलरंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाचा वास आला की अजूनही माझं डोकं सणकतं. ऐंशी सालाच्या आसपास नाशकातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये माझं पहिलं चित्रप्रदर्शन होतं. सायखेड्याला गोदावरीवर उतरलेलं पहाटेचं धुकं मी पांढऱ्यावर पांढरं चढवत रंगवलं होतं, आणि तेलरंग अजून पुरता वाळला नव्हता. उद्घाटनाला पिंपळगावचे एक बडे कांदा व्यापारी बोलावले होते. नारळ फोडून झाला, तसं त्यांनी कुंकवात बोट बुडवलं आणि नव्या टेम्पोला लावावं तसं माझ्या चित्राच्या मधोमध टेकवलं. "लय मोकळं दिसत व्हतं. आता कसं भरल्यासारखं वाटतं," ते म्हणाले, आणि हॉलभर टाळ्या पडल्या. मी पुसायला धावले, तर वाचनालयाच्या अध्यक्षांनी माझा हात धरला. "राहू द्या हो बाई, शुभ असतं." मी हात झटकला, पण तोवर कुंकू ओल्या रंगात मुरलं होतं. झालेला अपमान लोकांना दिसावा म्हणून ते चित्र मी हट्टाने तसंच बैठकीत लावलंय. पाहुणे येतात, त्याच्यापुढे थांबतात आणि मला म्हणतात, "तो लाल ठिपका काय सुरेख टाकलाय तुम्ही."