बोटांमधली मोकळी जागा

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी काज-बटनवाल्याशी भांडत होते. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आमचा जीन्स शिवायचा छोटा कारखाना आहे, आणि भांडल्याशिवाय तिथून माल वेळेवर निघत नाही. फोन शिरगावहून, ताईंच्या शेजारणीचा होता. ताई सकाळी उठल्याच नाहीत. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मी मशीनी थांबवायला सांगितल्या आणि तिथंच स्टुलावर बसले... ताई म्हणजे माझी थोरली नणंद. नणंद म्हटलं की बायका तोंड वाकडं करतात. माझ्या वाट्याला मात्र मैत्रीण आली होती. आता महिना उलटून गेला. रडून झालंय. लिहायला बसले तर त्यांचं आठवून हसूच जास्त येतंय.

माझे सासरे अंबरनाथला फॅक्टरीत होते. ताई तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढल्या, शिकल्या, आणि मुंबईच्या एका प्रयोगशाळेत लागल्या. लग्न केलं नाही. उभा जन्म त्यांनी एका जनुकाचा अभ्यास केला. त्याचं नाव बॅक्स. माणसाच्या प्रत्येक पेशीत ते असतं आणि त्यातून त्याच नावाचं प्रथिन तयार होतं. ते एरवी गप्प पडून असतं. पेशी बिघडली किंवा तिचं काम संपलं, की हे प्रथिन तिच्या आतल्या ऊर्जाघरांना भोकं पाडतं, मग पेशी निमूट आवरतं घेते आणि मरते. हे एकदा माझ्या सासूबाईंच्या कानावर पडलं, आणि झालं! रोज सकाळी डबा हातात देताना त्या म्हणायच्या, "चालली बाई मरणाच्या कामाला." ताई चपला घालता घालता म्हणायच्या, "आई, तू रोज केर काढतेस ना? तसंच आहे ते." सासूबाईंना ते काही पटायचं नाही, पण डब्यात भाजी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी असायची.

मला सातवा महिना होता तेव्हा ग्रहण लागलं. गरोदर बाईने ग्रहणात चिरायचं नाही, शिवायचं नाही, हे आमच्याकडे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. पण ऑर्डर अडली होती, कारागीर गावाला गेलेला, आणि मी मुळातच हट्टी. बसले मशीनवर. पोर झाली ती उजव्या हाताची मधली दोन बोटं चिकटलेली घेऊन. सासूबाईंनी हात पाहिला आणि म्हणाल्या, "गिराणात सुई धरलीस. पोरीची बोटं शिवली गेली." मी एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण हे मात्र मला खरंच वाटलं. तिला पाजताना मी तिच्या हाताकडे बघायची नाही. मशीनवर बसणं तर सोडूनच दिलं. आपल्याच हातांची इतकी किळस मला आयुष्यात पुन्हा कधी आली नाही.

बारशाला सासूबाईंनी बाळाला हातमोजे घातले, ऐन उन्हाळ्यात! नाव आत्याने ठेवायचं, म्हणून ताई पाळण्यापाशी आल्या. नाव सांगायच्या आधी त्यांनी उजवा मोजा सरळ काढून टाकला. शेजारची सिंधी भाभी पुढे वाकून म्हणाली, "अरे, ये क्या हुआ बच्ची को?" ताईंनी आमच्या स्वयंपाकघरातून भातवाढी मागवली आणि सगळ्यांसमोर धरली. पोटात बाळाचा हात आधी असा सपाट असतो, त्या म्हणाल्या. मग मधल्या जागेतल्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. त्या मेल्या नसत्या तर इथं कुणालाच बांगडी भरता आली नसती. हिच्या दोन बोटांमधल्या थोड्या पेशी राहून गेल्या, एवढंच. मग सासूबाईंकडे वळून विचारलं, "आई, हे सगळं तिसरा महिना सरायच्या आत होतं. आणि ग्रहण कधी होतं?"

सासूबाई पुटपुटल्या, "सातव्यात."

"मग? वहिनीनं सुई धरली तेव्हा बोटं कधीच ठरून गेली होती. तीन महिने कुणाला सांगायचं नाही म्हणतेस ना तू, तेव्हाच."

मी उठून आत गेले आणि पदर तोंडात धरून रडले. असं रडल्यावर माणसाला भूक लागते. त्या दिवशी मी ताटभर जेवले. संध्याकाळी ताईंना विचारलं, की मग चूक बॅक्सची का? त्या म्हणाल्या, "मला ठाऊक नाही गं. बॅक्सला बॅक नावाचा भाऊ आहे, एक नाही आला तर दुसरा काम उरकतो. हिचं कशानं अडलं, कोण जाणे." एवढं शिकून 'ठाऊक नाही' इतक्या मोकळेपणाने म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. ताईंनी पोरीचं नाव रेवा ठेवलं होतं. पुढे तिची बोटं ऑपरेशन करून सुटी केली. आता ती मजेत गाडी चालवते, माझ्यापेक्षा जोरात.

गेल्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन शिरगावला, ताईंनी पुढे स्वतंत्र घेतलेल्या फ्लॅटवर गेले. लेक गेल्यापासून त्यांनी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. दारापाशीच्या खुर्चीत त्या बसून राहिल्या, चपलाही काढल्या नाहीत. म्हणाल्या, "रोज दारात मरण, मरण करायचे मी. माझ्याच जिभेनं खाल्लं गं तिला."

एवढे दिवस ही म्हातारी हे पोटात घेऊन बसली होती! मी खाली बसून त्यांच्या चपला काढल्या. म्हटलं, "आई, ताई प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगायच्या, माझी आई मला रोज मरणाच्या कामाला धाडते. आणि हसत हसत तुमची भाजी वाटायच्या. तुमचं बोलणं त्यांना कधी लागलं नाही."

"खरंच हसायची?"

"खरंच."

त्या थोडं रडल्या. मग उठून आत गेल्या, पलंगावरची चादर हाताने सारखी केली, खिडकी उघडली, उशीला नाक लावलं... आणि म्हणाल्या, "वास आहे अजून तिच्या तेलाचा. आज राहू या का गं इथंच?"

मी खाली जाऊन थांबवलेल्या रिक्षावाल्याला जायला सांगितलं.