मुसाजींचं रात्रीचं मौन

देऊळगाव राजात मुसाजी झिराडकरांना निम्मं गाव मुसलमान समजायचं आणि उरलेलं निम्मं ख्रिस्ती. दाढी राखलेली, डोक्यावर काळी टोपी, त्यात नाव मुसाजी. लोकांचा तरी काय दोष? ते होते बेने इस्रायल, अलिबाग-कुलाब्याकडचे यहुदी. बांधकाम खात्यात सडकेवरचे मिस्त्री म्हणून इकडे आले आणि पेन्शनीत निघाल्यावर इथेच राहिले. त्यांच्या पत्नी मिलकाबाई सुरुवातीला विचारेल त्याला सगळं समजावून सांगायच्या. मग कंटाळल्या. "आम्ही शनिवार पाळणारे," एवढं बोलून मोकळ्या व्हायच्या, तर बायका विचारायच्या, "म्हंजे मारुतीचे का?"

महाराष्ट्र नवानवा झाला होता. नात्यातली माणसं एकेक करून बोटीने इस्रायलला निघून गेली, एकुलता मुलगाही गेला. मुसाजी जागचे हलले नाहीत. "या वयात नवी भाषा कुठे शिकत बसू? देवाला मराठी कळते की," असं म्हणायचे, आणि प्रार्थना मात्र शब्दन् शब्द हिब्रूत करायचे.

दोन गोष्टींत मात्र म्हातारा फार हटवादी. एक म्हणजे दशांश. हातात आलेल्या पैशातला दहावा हिस्सा आपला नाहीच, तो गरिबाचा. घरखर्चाला हात लावण्याआधी तो बाजूला काढायचा, आणि त्यातून घरात मिठाचा खडासुद्धा आणायचा नाही. उशाच्या वरच्या कोनाड्यात त्यासाठी पत्र्याचा डबा होता. आधी आपल्या गावचा गरीब, मग परगावचा, असं त्यांचं शास्त्र सांगतं. गावात दुसरा यहुदी नव्हताच, तेव्हा डब्यातला पैसा ज्याच्या घरी चूल पेटली नसेल त्याच्याकडे जायचा, मग तो कोणी का असेना.

दुसरी गोष्ट रात्रीच्या शेमाची, म्हणजे देव एकच आहे अशी ग्वाही देणाऱ्या प्रार्थनेची. अंथरुणावर बसून, उजवा हात डोळ्यांवर ठेवून "शेमा इस्राएल" म्हणायचं, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांवर झोप उतरवणाऱ्या देवाची स्तुती. ती एकदा म्हटली की झोप लागेपर्यंत बोलणं बंद, पाण्याचा घोटही बंद. "जीव देवाच्या हवाली करून झोपायचं, सकाळी तो परत मिळेलच असं कोणी लिहून दिलंय?" मुसाजी म्हणायचे. "म्हणून शेवटचा शब्द त्याचाच असावा. मरताना शेमा ओठांवर यायला हवी ना, मग रोज रात्री तीच सवय करायची."

एकदा मांजर दुधाच्या पातेल्यापाशी गेलं, तर हे अंथरुणावरून नुसते हातवारे करत बसले. मिलकाबाईंनी कपाळावर हात मारला, पण दूध वाचवलं. जन्मभराच्या संसारात नवऱ्याच्या रात्रीच्या खुणा वाचण्यात त्या इतक्या तरबेज झाल्या होत्या की दिवसाच्या बोलण्यापेक्षा त्यांना त्या खुणा जास्त कळायच्या. या गोष्टीचा त्यांना अभिमानही होता.

त्या दिवशी मुसाजी तहसील कचेरीतून पेन्शन घेऊन आले ते दमूनच. अर्धी भाकरी खाल्ली आणि दिवे लागल्यावर लगेच अंथरुणावर बसले. मिलकाबाई स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या. आतून शेमा ऐकू आली, शेवटची स्तुतीही ऐकू आली. मग शांत झालं.

त्या हात पुसत बाहेर आल्या, तर मुसाजी डोळे उघडे ठेवून पडलेले. डावा हात वर करून भिंतीवर आपटत होते. वर कोनाडा, कोनाड्यात डबा. मिलकाबाईंना हसू आलं.

"दशांश काढायचा राहिला, होय ना? अहो, सकाळी काढला असता. बोलू नका, बोलू नका, मी काढते." त्यांनी कोटाच्या खिशातून पैसे काढले, दहावा हिस्सा डब्यात टाकला आणि डबा त्यांच्या डोळ्यांसमोर धरून वाजवून दाखवला. "झालं समाधान? आता झोपा." हात तरीही हलत होता. तो त्यांनी धरून पांघरुणाखाली घातला, वर थोपटलं आणि कंदिलाची वात कमी केली.

सकाळी उठून पाहिलं तर तोंड वाकडं झालेलं, उशी लाळेने भिजलेली, उजवं अंग लाकूड. डोळे मात्र तसेच उघडे होते.

डॉक्टरांनी विचारलं, "वाचा कधी गेली?" मिलकाबाईंची नजर कोनाड्यातल्या डब्याकडे गेली. जिवावर बेतलं तर रात्रीही बोलावं, हाका माराव्यात, अशी सूट शास्त्रात आहे. पण माणूस बोलत नाहीये की त्याला बोलता येत नाहीये, हे कळायला नको? रात्रभर तो माणूस हाक मारायला धडपडला असेल, आणि बायको शेजारी गाढ झोपली होती.

शेजारी भाजीचा मळा करणाऱ्या सत्यभामाबाई दोन वेळचं जेवण आणून द्यायच्या. म्हणायच्या, "काकू, काऊन जीव जाळून राह्यल्या? तुमच्या हाती होतं का काई?" मिलकाबाईंनी कोनाड्यातला डबा त्यांच्या हवाली केला. "ज्याला द्यायचं त्याला दे. मला तो दिसायला नको."

आता त्यांना एकच हवं होतं. मुसाजींचे ओठ शेमा म्हणू शकणार नव्हते. निदान जाताना ती त्यांच्या कानात तरी पडावी. तेवढंही चुकलं तर आपल्याला क्षमा नाही, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी कानाशी बसून त्या सगळी प्रार्थना म्हणायच्या आणि नियमाप्रमाणे गप्प व्हायच्या.

आणि त्या गप्प झाल्या की मुसाजी घाबरायचे. घशातून घुसमटल्यासारखा आवाज काढायचे, डाव्या हाताने पदर ओढायचे. मौनाचंच भय बसलं होतं त्यांना. ज्यांनी जन्मभर ते पाळलं, त्यांना! मिलकाबाईंनी दोन-तीन दिवस पाहिलं, मग नियम मोडला. शेमा झाली की बोलत सुटायच्या. काहीही, अलिबागचा समुद्र, मुलाच्या लहानपणचा हट्ट, सत्यभामाबाईंच्या म्हशीची खोड. बोलणं चालू असलं की म्हातारा निवांत व्हायचा आणि झोपायचा.

अशाच एका संध्याकाळी त्या बोलत होत्या. हातातला हात सैल पडला. झोप लागली वाटतं, म्हणून त्यांना बरंच वाटलं. जागे होतील या भीतीने हळू आवाजात बोलत राहिल्या. हात गार लागायला लागला तेव्हा थांबल्या.

सत्यभामाबाईंच्या नवऱ्याने, शेषरावांनी, मळ्याच्या कडेला जागा दिली. माती लोटून माणसं परतली तेव्हा सत्यभामाबाई जवळ येऊन बसल्या. "काकू, येक बरं झालं, तुमी जवळ होत्या. आखरीले देवाचं नाव पडलं न त्यायच्या कानात?"

मिलकाबाईंनी पदराला लागलेली माती झटकली.

"नाही गं," त्या म्हणाल्या, "तुमच्या वांग्यांचा भाव सांगत होते."